विज्ञान-कट्टा : जनित्राचा सूर उतरतो तेव्हा



रात्री सामसूम झाली की खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरखाली क्षणभर उभे राहा. बारीक गुणगुण ऐकू येईल. इथे अमेरिकेत ती सेकंदाला १२० कंपनांची, आपल्याकडे भारतात १०० ची. १०० हा षड्ज धरला तर १२० म्हणजे कोमल गंधार! इथली वीज ६० हर्ट्झची, तिथली ५० ची. आणि प्रवाह पुढे वाहो की मागे, चुंबकत्वाचा परिणाम दोन्ही वेळा होतो, म्हणून कंपने दुप्पट.

वीजकेंद्रातल्या मोठ्या जनित्रातही हेच घडते. तिथे तांब्याच्या जाड पट्ट्या लोखंडी गाभ्याच्या खाचांत घट्ट ठोकून बसवलेल्या असतात. पण दोन्ही टोकांना त्या गाभ्याबाहेर येऊन टोपलीसारख्या वळतात. तिथे लोखंडाचा आधार नाही. काचतंतूंच्या दोऱ्या, ठोकळे आणि रेझिन यांनी त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. हजारो अँपिअर प्रवाहामुळे या टोपलीला सेकंदाला १२० हिसके बसतात. दिवसाचे झाले १ कोटी ३ लाख ६८ हजार! शिवाय हे बल प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बाहेर शॉर्ट सर्किट होऊन प्रवाह पाचपट झाला, तर हिसका पंचवीसपट.

तंबोऱ्याची खुंटी सैल झाली की सूर उतरतो, हे आपण जाणतोच. टोपलीलाही स्वतःचा सूर असतो. कारखानदार तो १२० पासून दूर, बहुधा वर ठेवतात. वर्षे जातात, दोऱ्या सैलावतात, उष्णतेने रेझिन मऊ पडते आणि सूर हळूहळू १२० कडे उतरतो. तिथे पोचला की अनुनाद! पट्ट्या एकमेकींवर घासतात, भुकटी पडते, इन्सुलेशन झिजते, तांब्याच्या तारा थकून तडकतात. माणसाचे दुखणे हत्तीच्या पावलाने येते म्हणतात. हे मात्र मुंगीच्या पावलाने येते.

तपासणी दोन प्रकारे होते. यंत्र बंद असताना टोपलीवर ठिकठिकाणी खास हातोडीने हलकेच ठोकून तिचा सूर मोजतात. मात्र थंड यंत्राचा सूर तापलेल्या यंत्रापेक्षा थोडा वरचा लागतो, हे विसरून चालत नाही. यंत्र चालू असताना तिथे हजारो व्होल्ट असतात, म्हणून धातूच्या तारांऐवजी काचतंतूंतून प्रकाशाने संदेश देणारे कंपनमापक बसवतात. पाव मिलिमीटर हालचाल ही सर्वसाधारणपणे धोक्याची खूण मानतात. पण आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. लोड तोच, तापमान तेच, आणि तरी आकडा महिन्यामहिन्याला चढतो आहे, तर दुखणे खरे.

इथेच माणसाची कसोटी लागते. वसंतात यंत्र थांबवून दोऱ्या पुन्हा बांधल्या, तर काम काही आठवड्यांचे. ऐन जुलैत घरोघरी एअर कंडिशनर चालू असताना गुंडाळी जळाली, तर यंत्र कित्येक महिने बंद. पण "आत्ताच थांबवा" म्हणणाऱ्या इंजिनिअरला रोजच्या नुकसानीचा हिशेब ऐकावा लागतो. आणि त्याचे ऐकल्यामुळे काहीच बिघडले नाही, तर त्याची गरजच नव्हती असेही म्हणतात! आपल्या मंडळातही अशी कामे करणारे आहेत. भेटले तर त्यांना जरूर विचारा : यंदा तुमच्यामुळे काय काय घडले नाही?

शंका अवश्य कळवा. भेटू पुढच्या अंकात.