झाडाला नाव, माणसाला जात

सजीवांचे शास्त्रीय वर्गीकरण कोणी केले, असे विचारले की पाठ्यपुस्तकातून एकच नाव पुढे येते : स्वीडनचा कार्ल लिनियस. १७५३ साली त्याने वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना दोन शब्दी नावे दिली. वऱ्हाडातला आपला देशी कापूस 'गॉसिपियम आर्बोरियम' झाला तो १७५३ च्याच ग्रंथात. लिनियसचे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. पण त्याच्यापर्यंत पोहोचलेले ज्ञान कोणाचे होते, हा प्रश्न फुले-आंबेडकरी माणसाने विचारलाच पाहिजे.

मलबारच्या वनस्पतींसाठी लिनियसने आधार घेतला तो 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाचा. डच अधिकारी व्हॅन रीड याने तो सिद्ध केला आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे १२ खंड छापले गेले. त्यातील सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती देणाऱ्यांत प्रमुख होते इट्टी अच्युतन. हे वैद्य एझवा जातीचे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई, त्या समाजाचे. रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी ब्राह्मण वैद्यांचे प्रमाणपत्र ग्रंथात आहे, तसेच अच्युतन यांचेही आहे. मनूच्या कायद्याने ज्याला ज्ञानाचा अधिकार नाही, त्याची साक्ष विज्ञानाने नावानिशी छापली. किती भारतीय शाळांत हे नाव शिकवले जाते?

याच लिनियसने १७३५ साली माणसांचेही चार गट पाडले आणि १७५८ साली प्रत्येक गटाला स्वभाव चिकटवले. चार हा आकडा आपल्या ओळखीचा आहे! पुढे विज्ञानाने स्वतःला तपासले आणि ही विभागणी मोडीत काढली. आपल्याकडची चातुर्वर्ण्याची उतरंड मात्र धर्माज्ञा म्हणून टिकून राहिली. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने वेगळे नाहीत. जातीला निसर्गात आधार नाही. झाडांचे वर्गीकरण नवा पुरावा आला की बदलते. जात पुराव्याला भीक घालीत नाही.

आता वऱ्हाडाकडे पाहू. रानपिंगळा या घुबडाला १८७३ साली ह्यूमने 'ब्लेविटी' हे नाव दिले, ते ब्लेविट या साहेबाच्या सन्मानार्थ. पुढे शंभरावर वर्षे हा पक्षी शास्त्रज्ञांना सापडला नाही. १९९७ साली तो शहाद्याजवळ दिसला आणि नंतर मेळघाटातही आढळला. त्या रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या कोरकू माणसाचे नाव मात्र कोणत्याच पाखराला नाही.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद केली आहे. आमची मागणी साधी आहे. चिखलदरा-धारणीपासून अकोल्याच्या नरनाळ्यापर्यंत प्रत्येक नोंदवहीत वनस्पतीच्या नावाबरोबर ती ओळखून देणाऱ्या बाईचे वा माणसाचे नाव, त्यांच्या संमतीने, लिहिले जावे. 'स्थानिक लोकांकडून समजले' एवढ्यावर भागवू नये. अमरावती-अकोल्यातील आपल्या विद्यार्थ्यांनी या नोंदवह्या मागवून वाचाव्यात, रिकामे रकाने दाखवून द्यावेत.

सतराव्या शतकात परक्या डचाला जे सुचले, ते संविधान असलेल्या देशाला जड जाऊ नये.