चारशे मुडद्यांचा हिशेब

रोम जळत होतं आणि नीरो फिडल वाजवत होता. मास्तरांनी सांगितलं, आपण घोकलं. दोस्तांनो, फिडल हे वाद्य तेव्हा जन्मालाच आलं नव्हतं. इ.स. ६४ च्या जुलैत आग लागली तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, अँटियमला होता. हे टॅसिटस हा रोमन इतिहासकारच लिहून ठेवतो.

मग नीरो सज्जन होता? छट्! ५४ साली हे सोळा वर्षांचं पोर गादीवर बसलं. बसवलं कुणी? आई अग्रिपिनानं आणि प्रेटोरियन पहारेकऱ्यांनी. पहारेकऱ्यांना रोख बक्षिसी कबूल झाली, सिनेटनं मान डोलावली. ५५ मध्ये सावत्र भाऊ ब्रिटानिकस भर जेवणात मेला. ५९ मध्ये नीरोनं आईला मारवलं, ६२ मध्ये बायको ऑक्टेव्हियाला. आगीचं खापर मूठभर ख्रिस्त्यांवर फोडून त्यांना जिवंत जाळलं आणि जळक्या जागेवर स्वतःचा सोनेरी महाल उठवला. ६५ मध्ये गुरू सेनेकाला मरायचा हुकूम सोडला.

हे सगळं पाठ्यपुस्तकात सापडतं. आता जे सापडत नाही ते ऐका.

साल ६१. रोमचा नगराधिकारी पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामानं खून केला. जुना रिवाज असा की मालक घरात मारला गेला तर त्या छपराखालचे सगळे गुलाम मारायचे. त्या घरात गुलाम होते चारशे. त्यात बाया होत्या, पोरं होती. रोमची गरीब माणसं खवळली, दगड आणि मशाली घेऊन रस्त्यावर उतरली. सिनेट बसली. कायदेपंडित कॅसियस उठला. नाना देशांचा हा गाळ भीतीशिवाय ताब्यात राहायचा नाही, काही निरपराध मरतील पण सर्वांचं हित साधेल, असा त्याचा सूर. बहुमत त्याच्या बाजूनं पडलं. नीरोनं रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे केले. चारशेच्या चारशे मारले.

नीट ध्यानात घ्या. हे वेड्या बादशहाचं वेड नव्हतं. हा रिवाज होता, कायदा होता, शहाण्यासुरत्यांचं बहुमत होतं. सुरी गुलामांच्या गळ्यावर होती तोवर तिचं नाव न्याय. चार वर्षांनी तीच सिनेटरांच्या गळ्याला लागली, तेव्हा तिचं नाव जुलूम झालं!

६८ साली गॉलमध्ये विंडेक्सनं बंड केलं, स्पेनमधून गाल्बा उठला, पहारेकरी फिरले, सिनेटनं नीरोला देशाचा शत्रू ठरवलं. शहराबाहेर एका मुक्त गुलामाच्या घरात तो लपला. गळ्यात खंजीर खुपसायलाही दुसऱ्या मुक्त गुलामाचा हात लागला. वय तीस.

आणि पुढं? ६९ या एका सालात त्याच गादीवर चौघे बसले. बादशहा बदलले, गुलाम गुलामच राहिले. मालक मारला गेला तर त्याच्या गुलामांचं काय करायचं, यावर ५३३ सालच्या जस्टिनियनच्या कायदेसंग्रहातही आख्खं प्रकरण आहे. म्हणजे नीरो मेल्यावर चारशे पासष्ट वर्षांनीसुद्धा सवाल तोच!

म्हणून दोस्तांनो, नीरो मेला म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांच्या रांगेत आपण उभं राहायचं नाही. एका हुकूमशहाला शिव्या देणं फुकटात होतं. त्याच्या खुर्चीखालचा कायदा कुणी लिहिला, हात वर कुणी केले, हे विचारायला छाती लागते. त्या चारशे जणांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. हिशेब तिथून सुरू करायचा.