वाणीचे उपचारक आणि त्यांचा स्वाध्याय

तैत्तिरीय उपनिषदांतील शिक्षावल्लीचा आरंभ वर्ण, स्वर आणि मात्रा यांच्या शास्त्रानें होतो. पुढें त्याच वल्लींत, अध्ययन संपवून घरीं निघालेल्या शिष्यास गुरु स्वाध्यायाविषयीं बेसावध राहूं नको म्हणून बजावतो. उच्चाराचें शास्त्र आणि विद्यार्थिदशेनंतरचें अध्ययन हीं दोन्हीं एकाच प्रकरणांत आलीं आहेत, याची आठवण आम्हांस हल्लीं एका निराळ्याच वर्गामुळें होते. हा वर्ग मुलांच्या बोलण्यावर उपचार करणाऱ्या वाचोपचारकांचा. लोक त्यांस स्पीच थेरपिस्ट म्हणतात.

हा व्यवसाय आपल्याकडे फार जुना नाहीं. मुंबईस नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १९६६ सालीं याचें शिक्षण सुरू झालें. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ सालची. धनकवडीस भारती विद्यापीठाचें या विषयाचें विद्यालय आहे. १९९२ च्या कायद्यान्वयें भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत नांव असल्यावांचून हा व्यवसाय करतां येत नाहीं, आणि ती नोंद मुदतीनें नवी करतांना मधल्या काळांत घेतलेल्या शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. नियम चांगलाच आहे. परंतु हजेरीपटावर उपस्थित आणि मनानें नदीवर, असे विद्यार्थी आम्हीं जन्मभर पाहिले असल्यामुळें नुसत्या गुणांनीं आमचें समाधान होत नाहीं.

या शास्त्रांतील मतें किती बदलतात तें पाहावें. तोतरेपणाचेंच उदाहरण घ्या. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत ली ट्रॅव्हिस यांनीं त्याचें कारण मेंदूच्या दोन अर्धांच्या चढाओढींत शोधलें, आणि डावखुऱ्या मुलास उजव्या हाताचें वळण लावण्यावर दोष आला. पुढें त्याच विद्यापीठांतील वेंडेल जॉन्सन यांनीं आईबापांकडे बोट दाखविलें: मूल सहज अडखळतें, आईबाप त्यास तोतरें ठरवितात, आणि मग तें खरोखरच तोतरें होतें! यावरून ‘लक्ष देऊं नका, आपोआप जाईल’ हा सल्ला पुष्कळ वर्षे चालला. आज या दोषांत आनुवंशिकतेचा मोठा भाग असल्याचें मानतात. २०१० सालीं त्याच्याशीं संबंधित अशा कांहीं जनुकांचा शोधही प्रसिद्ध झाला. सिडनीस तयार झालेल्या लिडकंब पद्धतींत तर मूल शाळेंत जाण्यापूर्वींच, उपचारकाच्या देखरेखीखालीं, आईबापांच्या हातून उपचार होतो. बरींच मुलें आपोआप सुधारतात हें खरें. पण कोणाची वाट पाहावी आणि कोणाची पाहूं नये, हें ठरविणें अद्ययावत् जाणत्याचें काम आहे.

दुसरें उदाहरण पिपाणीचें. जीभ आणि ओंठ बळकट व्हावेत म्हणून मुलांकडून पिपाण्या वाजविणें, मेणबत्त्या विझविणें हा क्रम उपचारगृहांतून वर्षानुवर्षें चालत आला. फुंकर सुधारल्यानें उच्चार सुधारतो, यास पुरावा मिळालेला नाहीं. आमच्या आजीचें जिभेवरचें वेखंड आणि ही पिपाणी यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. वेखंड निदान स्वस्त होतें!

आम्ही नसरापुरास राहतों. वेल्ह्याच्या खोऱ्यांतून एखादी आई मूल घेऊन पहाटे निघते, चेलाडीस सातारा रस्त्यावर येते, कात्रज ओलांडून पुण्यास पोंचते. अर्ध्या तासाच्या उपचारासाठीं तिचा दिवस जातो, कदाचित् मजुरीही. त्या अर्ध्या तासांत तिनें पिपाणी वाजवून घेऊन परतावें काय?

याहून जिव्हारीं लागणारी गोष्ट आमच्या आळींतील एका घरची. चार वर्षांचा नातू इंग्रजी शाळेंत जातो, बोलणें मागें पडलेलें. उपचारकानें सांगितलें, घरांत मराठी बंद करा. आजीस इंग्रजी येईना. गोष्टी, श्लोक, जेवतांनाची चिऊताई, सारें थांबलें; म्हातारी नातवासमोर मुकी झाली. दोन भाषांमुळें मुलाचें बोलणें अडतें हें मत एके काळीं सर्रास चाले. आज अभ्यासक त्यास मान्यता देत नाहींत. उलट घरची भाषा तोडल्यानें मुलाशीं सर्वांत अधिक बोलणारें माणूसच हिरावलें जातें. अशा सल्ल्याची किंमत उपचारक देत नाहीं, घर देतें.

उपचारकांची बाजूही आहे. खाजगी उपचारगृह दोन दिवस बंद ठेवून अभ्यासवर्गास जाणें म्हणजे उत्पन्नास मुकणें. शिवाय ‘पद्धती’ आणि तिचीं खेळणीं खपविण्यासाठींच भरविलेले वर्गही असतात. दूरस्थ वर्गांमुळें जाण्यायेण्याचा त्रास मात्र पुष्कळ वांचला आहे.

एक अडचण आपलीच, मराठीची. ग्रंथ बहुतेक इंग्रजींतले. त्यांत ळ कोठून असणार? चमचा आणि चिमणी यांतील दोन च निराळे, हें त्या पुस्तकांतून कळत नाहीं. ‘कावळा’ला ‘तावला’ म्हणणाऱ्या मुलाच्या एका शब्दांत दोन दोष आहेत: कंठ्य क दांतांवर आला, आणि मूर्धन्य ळ चा ल झाला. हें आमच्या शिक्षाग्रंथांचीं स्थानें जाणणारा चटकन् ओळखील. पण कोणत्या वयापर्यंत त्यांतला कोणता दोष स्वाभाविक, हें मराठी मुलांच्या निरीक्षणांतूनच शिकावें लागेल. तेव्हां ज्यांच्या घरीं असें मूल असेल त्यांनीं त्याचे शब्द, तें म्हणतें तसेच, तारखेसह वहींत उतरून ठेवावे आणि पुण्यास जातांना ती वही बरोबर न्यावी. उपचारकबाईंना, आपण अलीकडे काय नवें शिकलांत, असें आदरानें विचारण्यासही हरकत नाहीं. चांगली उपचारक त्या प्रश्नानें रागावणार नाहीं, आणि ती वही तर आपणहून मागून घेईल.