वरच्या विभागात कॉलेजचा संघ : चढावे, पण कुणासाठी?

मैदानावर सामना कसा जिंकावा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु जिंकत जिंकत वर गेलेल्या संघाने पुढे काय करावे, हे सांगणारा क्वचितच भेटतो. व्यावसायिक क्लबापुढे हा प्रश्न फारसा उभा राहत नाही. बढती मिळाली की वरच्या विभागात जावयाचे, पैसा उभा करावयाचा, चार चांगले खेळाडू आणावयाचे आणि टिकून राहावयाचे, असा त्याचा सरळ हिशेब असतो. कॉलेजच्या संघाचे तसे नाही. त्याचा खेळाडू तीन-चार वर्षांनी पदवी घेऊन निघून जाणार. त्याची तिजोरी म्हणजे संस्थेच्या अंदाजपत्रकातील एक रकाना. आणि त्याचे मुख्य काम तर फुटबॉल नव्हेच, शिक्षण! असा संघ व्यावसायिकांच्या साखळीत एकेक पायरी वर चढू लागला, तर त्याचे भवितव्य काय? मुळात त्याने चढावे तरी का?

आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन सामने बहुधा बाद पद्धतीचे असतात. एक सामना हरला की वर्षाची इतिश्री! ब्रिटन आणि आयर्लंडमधील साखळी स्पर्धांची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वांत वरच्या विभागाखाली दुसरा, त्याखाली तिसरा, अशी ही उतरंड ब्रिटनमध्ये थेट गावच्या हौशी संघांपर्यंत पोचते. हंगामाच्या शेवटी वरचे संघ एक पायरी चढतात, तळचे एक पायरी उतरतात. या उतरंडीत विद्यापीठांचे काही संघही उतरले आहेत. त्यांपैकी तिघांची हकिगत पाहिली म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सापडते.

पहिला संघ इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचा, ‘टीम बाथ’. 1999 मध्ये तो स्थापन झाला. यामागची कल्पना मोठी चांगली होती. इंग्लंडमधील व्यावसायिक क्लब कोवळ्या वयाची शेकडो मुले प्रशिक्षणासाठी घेतात आणि त्यांतील बहुतेकांना अठरा-एकोणीस वर्षांची होताच निरोप देतात. तोवर अभ्यास मागे पडलेला असतो. अशा मुलांना खेळ आणि पदवी दोन्ही एकाच ठिकाणी मिळावे, म्हणून हा संघ. त्याने थोड्याच वर्षांत चार वेळा बढती मिळवली. 2002 साली तर तो एफ. ए. कप स्पर्धेच्या मुख्य भागातील पहिल्या फेरीत पोचला. एकोणिसाव्या शतकानंतर प्रथमच एखादा विद्यापीठ संघ तेथवर गेला होता. त्या फेरीत मॅन्सफील्ड टाउन या व्यावसायिक संघाकडून तो 2-4 असा हरला; पण हरूनही नाव झाले. त्यावेळचे त्याचे प्रशिक्षक पॉल टिसडेल पुढे एक्सेटर सिटीकडे गेले आणि त्या क्लबाला 2008 व 2009 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी बढती मिळवून दिली. म्हणजे या संघात खेळाडूंबरोबर प्रशिक्षकही घडत होते.

2008 मध्ये टीम बाथ ‘कॉन्फरन्स साउथ’ या विभागात, म्हणजे इंग्लंडच्या उतरंडीतील सहाव्या पायरीवर चढला. आणि पुढच्याच वर्षी, 2009 मध्ये, तो बंद झाला! सामने हरून नव्हे, नियमावर अडून. संघ ही स्वतंत्र मर्यादित कंपनी नाही, तो विद्यापीठाच्या आधारावर चालतो. या रचनेत त्याला यापुढे बढती मिळणार नाही, असे साखळीच्या चालकांनी कळवले. वर जाण्याचा रस्ताच बंद झाल्यावर विद्यापीठाने संघ स्पर्धेतून काढून घेतला.

हे वाचून प्रथम रागच येतो. विद्यार्थ्यांनी मैदानावर घाम गाळून मिळवलेले कार्यालयातील कागदाने हिरावून घ्यावे, हा कुठला न्याय? परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. त्याच विभागात खेळणारा गावचा छोटा क्लब तिकिटांच्या विक्रीवर, चहाच्या टपरीच्या उत्पन्नावर आणि एखाद्या स्थानिक व्यापाऱ्याच्या देणगीवर कसाबसा जगत असतो. त्याच्या समोर उभा राहतो विद्यापीठाचा संघ. त्याच्याजवळ विद्यापीठाची मैदाने, व्यायामशाळा, वैद्यकीय सोयी, पगारी प्रशिक्षक, सारे काही आयते! प्रेक्षक मात्र तुटपुंजे. गावच्या क्लबाला हे असमान वाटले, तर त्याला केवळ मत्सर म्हणता येणार नाही. कुणाचा पैसा कुणाच्या खेळावर खर्च होतो, हे विचारण्याचा हक्क प्रतिस्पर्ध्यालाही आहे. आणि त्याहून अधिक तो त्या विद्यापीठातील न खेळणाऱ्या विद्यार्थ्याला आहे.

माझ्या मते टीम बाथची खरी अडचण नियमाच्याही आधीची होती. आपण कुठवर चढणार, आणि तेथे पोचल्यावर आपले स्वरूप काय राहणार, या प्रश्नाचे उत्तर शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी ठरवावे लागते. बाथचा संघ जसजसा वर गेला तसतसा तो क्लबासारखा होत गेला. पण पुरता क्लब तो होऊ शकत नव्हता आणि नुसता विद्यार्थ्यांचा संघ म्हणून खालीही राहू शकत नव्हता. ना घर का ना घाट का, अशी त्याची गत झाली.

येथे वेळेचाही हिशेब मांडला पाहिजे. ब्रिटनमध्ये विद्यापीठांचे आपापसातले सामने बुधवारी दुपारी होतात, कारण त्या वेळी तासिका ठेवू नयेत असा तेथील जुना प्रघात आहे. व्यावसायिक साखळीचे सामने मात्र शनिवारी आणि मंगळवारी संध्याकाळी. कॉन्फरन्स साउथमध्ये त्या हंगामात 22 संघ होते. म्हणजे प्रत्येकाला साखळीचेच 42 सामने. त्यांतले निम्मे परगावी. मंगळवारी रात्री उशिरा बसने परत येणारा मुलगा बुधवारी सकाळी वर्गात कितपत जागा असेल, हे सांगावयास मानसशास्त्राचा प्राध्यापक नको!

आता दुसरा संघ पाहू. वेल्समधील कार्डिफ मेट्रोपोलिटन विद्यापीठाचा संघ 2016 मध्ये वेल्सच्या सर्वोच्च साखळीत चढला.  वेल्सची साखळी इंग्लंडच्या मानाने लहान, त्या वेळी अवघ्या 12 संघांची. त्यामुळे प्रवास कमी, सामने कमी, खर्चही आवाक्यातला. खेळणारे बहुतेक विद्यार्थी, त्यांना पगार नाही. आणि त्यावेळचे प्रशिक्षक ख्रिश्चन एडवर्ड्स हे स्वतः पूर्वीचे व्यावसायिक खेळाडू असून त्याच विद्यापीठात शिकवत होते. या संघाने 2019 साली लीग कप जिंकला आणि त्याच वर्षी युरोपा लीगच्या प्राथमिक फेरीत लक्झेंबर्गच्या प्रोग्रेस नीडरकॉर्न या क्लबाशी त्याची गाठ पडली. हा प्रतिस्पर्धी काही लेचापेचा नव्हता. दोनच वर्षांपूर्वी त्याने स्कॉटलंडच्या रेंजर्सला घरी धाडले होते. परगावी 0-1 अशी हार, घरच्या मैदानावर 2-1 असा विजय; एकूण बरोबरी, आणि परगावी केलेल्या गोलाच्या नियमामुळे कार्डिफचा संघ बाहेर पडला. एका गोलाने हुकले. पण विद्यार्थ्यांचा संघ विद्यार्थी राहूनच तेथवर गेला, ही गोष्ट त्या गोलाहून मोठी नाही काय?

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनचा संघ, म्हणजे यू. सी. डी., 1895 पासूनचा. 1979 मध्ये तो आयर्लंडच्या राष्ट्रीय साखळीत दाखल झाला. त्याच सुमारास डॉ. टोनी ओ’नील यांच्या पुढाकाराने तेथे फुटबॉलपटूंसाठी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली : खेळाडूने खेळावे, पण प्रवेश घेऊन, अभ्यास करून. पाचच वर्षांनी, 1984 मध्ये, या संघाने शॅमरॉक रोव्हर्ससारख्या मातब्बर क्लबाला हरवून आयर्लंडचा चषक जिंकला. त्या संघात विद्यार्थ्यांच्या जोडीला अनुभवी खेळाडूही होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. चषकामुळे युरोपीय कप विनर्स कप स्पर्धेत प्रवेश मिळाला आणि समोर आला इंग्लंडचा एव्हर्टन! डब्लिनमध्ये 0-0, लिव्हरपूलमध्ये एव्हर्टन 1-0. त्याच एव्हर्टनने 1985 मध्ये ती स्पर्धा जिंकली. युरोपातील विजेत्या संघाला कॉलेजच्या संघाने दोन सामन्यांत मिळून एकच गोल करू दिला होता.

परंतु यू. सी. डी.चे मोठेपण मला त्या सामन्यात दिसत नाही. ते दिसते त्याच्या चढउतारात. 2014 मध्ये हा संघ वरच्या विभागातून घसरला. पुढच्याच वर्षी, दुसऱ्या विभागात असताना, शिस्तबद्ध खेळाबद्दल मिळालेल्या जागेवर तो युरोपा लीगमध्ये खेळला आणि लक्झेंबर्गच्या ड्युडेलांज संघाला त्याने बाहेर काढले. 2018 मध्ये दुसऱ्या विभागाचे विजेतेपद मिळवून तो वर गेला. 2019 मध्ये तळाशी राहून खाली आला. 2021 मध्ये पुन्हा वर, 2023 मध्ये पुन्हा खाली! एखाद्या व्यावसायिक क्लबाचे अशा हेलकाव्यांत दिवाळे वाजले असते. प्रशिक्षक हाकलले गेले असते, खेळाडूंचे पगार थकले असते. कॉलेजच्या संघाला मात्र हा हेलकावा सोसतो. कारण दर वर्षी जूनमध्ये नदीला नवे पाणी यावे तशी नवी मुले येतात, आणि जुनी मुले पदवी घेऊन किंवा मोठ्या क्लबाचे बोलावणे आले म्हणून निघून जातात. हीच त्याची दुबळी बाजू आणि हीच बळकट बाजू. तयार झालेला संघ दोन-तीन वर्षांत विखुरतो म्हणून तो वर फार काळ टिकत नाही. आणि कुणी पगारावर अवलंबून नसल्यामुळे खाली आला तरी मोडत नाही.

यावर कुणी म्हणेल, “स्पर्धेत उतरावयाचे तर जिंकण्यासाठी आणि टिकण्यासाठीच. पडण्याचे कौतुक कसले?” आक्षेप बरोबर आहे, मैदानावर पाय ठेवणाऱ्या अकरा जणांनी जिंकण्याखेरीज दुसरा विचार करूच नये. पण संस्थेने कोणता विचार करावा हा प्रश्न वेगळा आहे. एखाद्या कॉलेजने वरच्या विभागात टिकण्यासाठी बाहेरचे तयार खेळाडू आणून नावापुरता प्रवेश देऊन उभे केले, तर तक्त्यावर कॉलेजचे नाव राहील, पण मैदानात कॉलेज राहणार नाही. मग ज्या मुलाने पहाटे उठून सराव केला, तो कुंपणाबाहेर उभा राहून टाळ्या वाजवील. आणि ज्यांच्यासाठी त्या टाळ्या, त्यांना कॉलेजचे ग्रंथालय कुठे आहे हेही ठाऊक नसेल. असा विजय वार्षिक अहवालाच्या कामाचा. शिक्षणाच्या कामाचा नव्हे.

म्हणून बढतीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही कॉलेज संघाने मला वाटते तीन गोष्टी आधी लिहून ठेवाव्यात. पहिली, संघ कुणाच्या मालकीचा व नियमांच्या दृष्टीने त्याचे स्थान काय. बाथची चूक पुन्हा नको. दुसरी, पैसा कुठून येणार आणि त्यासाठी इतर खेळांचा व इतर विद्यार्थ्यांचा वाटा कापला जाणार काय. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, परीक्षा आणि सामना एकाच आठवड्यात आले तर कोण माघार घेणार. आयर्लंडचा हंगाम वसंत ऋतूपूर्वी सुरू होऊन शरदापर्यंत चालतो आणि मे महिन्यातील परीक्षा त्याच्या ऐन मध्यावर येतात. या प्रश्नाला “परीक्षा” असे उत्तर देण्याची हिंमत असेल, तर खुशाल वर चढावे. वर्षभर राहून खाली आले तरी त्यात लाज नाही. आपल्याहून सरस संघांशी सबंध हंगाम खेळून आलेला मुलगा, आंतरमहाविद्यालयीन चषक चार वेळा उचलणाऱ्या मुलापेक्षा अधिक शिकलेला असतो.

आता थोडे आपल्या दाराशी. कोल्हापुरात फुटबॉल तालमींनी आणि पेठांनी वाढवला. शाहू स्टेडियमवर पाटाकडील किंवा शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की लोटणारी गर्दी पाहावी! तेथला विद्यार्थी खेळाडू मनाने आपल्या तालमीचा असतो, कॉलेजचा नंतर. मुंबई-पुण्याच्या जिल्हा संघटनांच्या साखळ्यांत खालपासून वरपर्यंत विभाग आहेत. आपल्या कॉलेजांचे संघ मात्र वर्षातून एकदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपुरते जमतात, आठ दिवस सराव करतात, दुसऱ्या फेरीत हरतात आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरले जातात. जिमखान्याची वर्गणी मात्र आपण सारेच भरतो. तिचा काही भाग जिल्हा साखळीच्या अगदी तळच्या विभागात संघ उतरवण्यासाठी खर्च झाला, तर दोन-तीन सामन्यांऐवजी मुलांना सबंध हंगाम खेळावयास मिळेल. हाताखाली कायम प्रशिक्षक नाही, स्वतःचे मैदान धड नाही, हे सारे खरे. पण तळच्या विभागात उतरणारे इतर संघ तरी कुठे सर्व सोयींनी सज्ज असतात?

वरच्या विभागाची स्वप्ने त्यानंतरची. प्रथम शिडीच्या खालच्या पायरीवर पाय तर ठेवू या. मात्र तो पाय वर्गात बसणाऱ्या, परीक्षा देणाऱ्या, उपाहारगृहात आपल्याबरोबर चहा पिणाऱ्या मुलाचाच असला पाहिजे. तसा संघ चढला तर आपण त्याच्याबरोबर चढू, आणि पडला तर पुढच्या जूनमध्ये त्याच्याबरोबर पुन्हा उभे राहू. जिमखाना समितीची पुढील बैठक भरेल तेव्हा हा विषय कुणीतरी मांडावा, आणि प्राध्यापक मंडळींनी तो खर्चाच्या तक्त्याकडे बोट दाखवून लगेच मिटवू नये, एवढीच विनंती.