गुणसूत्रांची साक्ष आणि आपला न्याय

२१ मार्च हा दिवस जगभर डाऊन सिंड्रोम दिन म्हणून पाळला जातो. संयुक्त राष्ट्रसंघ २०१२पासून तो अधिकृतपणे पाळत आहे. २२ सप्टेंबर हा ‘क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया’, म्हणजेच ‘सीएमएल’ या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांचा दिवस. या तारखा कोणा थोर पुरुषाच्या जयंती-पुण्यतिथीवरून आलेल्या नाहीत. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असल्या की डाऊन सिंड्रोम होतो, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की सीएमएल उद्भवतो, म्हणून नवव्या महिन्याची बाविसावी. दोन्हींचे निदान करणारी विद्या एकच, प्रयोगशाळा बहुधा एकच आणि सूक्ष्मदर्शकही तोच. तरीही रक्ताच्या कर्करोगात या विद्येने मरणाच्या दारातून माणसे परत आणली, तर गर्भवतीच्या बाबतीत तिचा आपल्या देशात असा दुरुपयोग झाला, की तो रोखण्यासाठी कायदा करावा लागला. हा फरक यंत्राचा खचितच नाही. तो वापरणाऱ्या समाजाच्या मनाचा आहे.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. परंतु १९५६ साली त्यो आणि लेव्हान या दोन संशोधकांचा निबंध स्वीडनमधून प्रसिद्ध होईपर्यंत जगातील विद्वान हा आकडा ४८ मानत होते. ती मोजण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. रक्त, अस्थिमज्जा किंवा गर्भजल यांतील जिवंत पेशी प्रयोगशाळेत वाढवतात. पेशीचे विभाजन चालू असताना ऐन मोक्याच्या क्षणी तिला औषधाने थांबवतात, कारण गुणसूत्रे स्पष्ट दिसतात ती त्याच क्षणी. यासाठी प्रारंभी वापरले गेलेले कोल्चिसिन हे द्रव्य पावसाळ्यात आपल्या रानावनांत फुलणाऱ्या कळलावीतही असते. मग ती पेशी काचपट्टीवर पसरवून, रंगवून, गुणसूत्रे जोडीजोडीने मांडून तपासली जातात. या मांडणीला ‘कॅरिओटाइप’ म्हणतात. आता चमकणाऱ्या रंगद्रव्यांची ‘फिश’ चाचणी आणि थेट जनुकांचा शोध घेणारी ‘पीसीआर’ तिच्या जोडीला आल्या आहेत; पण पाया तोच आहे.

या विद्येने कर्करोगाच्या क्षेत्रात काय घडवले, ते पाहा. १९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे नॉवेल आणि हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा तोकडे आढळले. कर्करोग आणि गुणसूत्रातील विशिष्ट बदल यांचा निश्चित संबंध प्रथमच दिसला होता. तो तुकडा गेला कुठे, याचे उत्तर १९७३ साली शिकागोच्या डॉ. जॅनेट राऊली यांनी दिले. चार मुलांची ही आई घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कातरून मांडत बसे, आणि आई कागदी बाहुल्या खेळते आहे, अशी थट्टा मुले करत. त्या ‘बाहुल्यां’नीच दाखवून दिले, की बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा नवव्यावर आणि नवव्याचा बाविसाव्यावर जाऊन बसला आहे. या अदलाबदलीतून एक नवे, बेबंद जनुक तयार होते आणि ते पांढऱ्या पेशींना अखंड वाढत राहण्याचा हुकूम देत राहते, हे पुढे उलगडले. शत्रूचा पत्ता कळल्यावर त्याच्यावर नेमका बाण सोडता येतो. इमॅटिनिब हे औषध असा बाण ठरले. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एके काळी सीएमएलचे निदान झालेला रुग्ण काही वर्षांचाच सोबती मानला जाई. आज नियमाने गोळ्या घेणारे बहुसंख्य रुग्ण संसार करतात, नोकरी करतात, मुले वाढवतात.

या कथेला भारतीय उत्तरार्धही आहे. नोव्हार्टिस या स्विस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’चा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, तर भारतीय कंपन्यांनी बनवलेले तेच औषध आठ-दहा हजार रुपयांत मिळत असे. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवी मक्तेदारी मिळवता येऊ नये, अशी तरतूद आपल्या संसदेने २००५ साली पेटंट कायद्यात केली होती. तिच्या आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. या लढ्यात मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’ ही संस्था रुग्णांच्या बाजूने उभी होती. संशोधन परदेशी असले, तरी ते आपल्या गरीब रुग्णापर्यंत पोहोचवण्याचे कर्तृत्व या देशाने दाखवले, याचा अभिमान प्रत्येकाला वाटला पाहिजे.

परंतु औषध स्वस्त होऊन भागत नाही. ते कोणाला द्यायचे, हे चाचणीशिवाय ठरत नाही. ‘ल्युकेमिया’ हा शब्द एक असला, तरी आजार अनेक आहेत. पंधराव्या आणि सतराव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीने होणारा ‘प्रोमायलोसायटिक’ प्रकार उपचाराला उशीर झाल्यास रक्तस्रावाने काही दिवसांत प्राण घेऊ शकतो. मात्र वेळीच ओळखल्यास ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनवलेले औषध आणि आर्सेनिक यांच्या साहाय्याने तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही गुणसूत्रांची संख्या आणि त्यांतील बदल पाहून उपचार किती तीव्र ठेवायचे, ते ठरते. एखाद्या बालकाला अनावश्यक विषारी औषधांपासून वाचवणारा हा कागद आहे. अशा वेळी ‘एवढी महागडी तपासणी कशाला?’ असे म्हणणे म्हणजे पत्ता न लिहिता पत्र टाकण्यासारखे होय.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेतला पाहिजे. गुणसूत्र म्हटले की आनुवंशिकता, आणि आनुवंशिकता म्हटली की मुलामुलींची लग्ने, अशी साखळी आपल्या मध्यमवर्गीय मनात घट्ट बसली आहे. घरात कोणाला रक्ताचा कर्करोग झाला, तर ती गोष्ट सोयरिकीच्या बोलण्यात दडवली जाते. मुलगी उपवर असेल, तर अधिकच. वस्तुस्थिती अशी, की सीएमएलमधील गुणसूत्रांची अदलाबदल जन्मतः आलेली नसते. ती त्या व्यक्तीच्या आयुष्यात, तिच्याच अस्थिमज्जेतील एखाद्या पेशीत घडते. वडिलांचा हा दोष मुलीच्या रक्तात उतरत नाही. रक्ताच्या बहुतांश कर्करोगांची गोष्ट अशीच आहे. ज्या वैऱ्याला विज्ञानाने उघडे पाडले, त्याला आपण लाजेच्या पडद्याआड लपवून का ठेवावे?

आता गर्भवतीकडे वळू. आईच्या वयाबरोबर डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढते. पंचविशीत ती साधारण साडेबाराशेत एक, पस्तिशीत साडेतीनशेत एक आणि चाळिशीत शंभरात एक, अशी मानली जाते. शिक्षण आणि नोकरीमुळे आज लग्ने उशिरा होतात, त्यामुळे हा विषय आता घरोघरचा झाला आहे. ‘डबल मार्कर’सारख्या रक्ततपासण्या, तसेच आईच्या रक्तात आढळणाऱ्या गर्भाच्या डीएनएवरून केली जाणारी नवी ‘एनआयपीटी’ तपासणी या चाळणी चाचण्या आहेत. त्या शक्यता सांगतात, निदान नव्हे. निदान होते ते अकराव्या ते तेराव्या आठवड्यांत वारेचा सूक्ष्म अंश किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल घेऊन केलेल्या गुणसूत्र तपासणीत. आणि त्यात गर्भपाताचा थोडा का होईना, धोका असतो. चाळणीचा अहवाल ‘जास्त धोका’ असा आला म्हणून घरात सुतक धरणे हे जसे अज्ञान, तसेच तो ‘कमी धोका’ असा आला म्हणून निश्चिंत होणे हेही अज्ञानच.

याच गर्भजल परीक्षेने आपल्या समाजाच्या माथी कलंक लावला. १९७०च्या दशकाच्या मध्याला ती भारतात आली, ती गर्भातील व्यंगे शोधण्यासाठी. पण गुणसूत्रे मोजता मोजता तेविसावी जोडीही दिसते, हे काहींच्या ध्यानी आले आणि मुलगी असणे हेच व्यंग ठरले. यावर कायदा करणारे पहिले राज्य महाराष्ट्र होते, १९८८ साली. केंद्राचा कायदा १९९४चा. तो १९९६पासून लागू झाला आणि २००३ साली अधिक कडक करण्यात आला. तरीही २०११च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ होत्या, आणि बीड जिल्ह्यात अवघ्या ८०७. हे पाप अडाणी, दरिद्री वस्त्यांचे म्हणून हात झटकता येणार नाहीत. २००१ साली उसाच्या पैशाने सधन झालेल्या कोल्हापूर जिल्ह्यात हा आकडा ८३९ होता. घरी देवीचे नवरात्र बसवायचे आणि दवाखान्यात मुलीचा गर्भ पाडायचा, यात धर्म तर नाहीच. साधी माणुसकीही नाही.

मुलगा की मुलगी हे पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, तरी बोल लावला जातो सुनेला. वारंवार गर्भपात होत असला, तरी दोष तिलाच. प्रत्यक्षात अशा काही जोडप्यांत पती किंवा पत्नी यांपैकी एकाच्या गुणसूत्रांत संतुलित अदलाबदल झालेली असते. त्या व्यक्तीला स्वतःला काही त्रास नसतो. पण गर्भ टिकत नाही, किंवा क्वचित डाऊन सिंड्रोमचे मूल जन्मते. यासाठी दोघांचीही रक्ततपासणी करावी लागते. नवस-सायास करून घेणारे घर मुलाला प्रयोगशाळेत पाठवताना मात्र कचरते. ‘आमच्या घराण्यात असे काही नाही’ हे वाक्य वैद्यकशास्त्रात पुरावा म्हणून चालत नाही.

आणि निदान खरोखरच डाऊन सिंड्रोमचे आले तर? हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. २०२१च्या सुधारणेनंतर कायदा ठराविक कारणांसाठी चोविसाव्या आठवड्यापर्यंत, आणि गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास त्यानंतरही गर्भपाताला परवानगी देतो. संमती त्या स्त्रीची लागते. सासूची नव्हे आणि नवऱ्याचीही नव्हे. ज्या मातेला हा निर्णय घ्यावा लागतो, तिला उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु तिला अर्ध्या माहितीवर, भीतीपोटी आणि दोन दिवसांत निर्णय घ्यायला लावण्याचा अधिकारही कोणाला नाही. अशा बालकांत हृदयविकार बराच आढळतो, पण त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. त्यांना रक्ताच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, पण त्यातील एक प्रकार त्यांच्यात उपचारांना इतर मुलांपेक्षा चांगला प्रतिसाद देतो. ही मुले शिकतात, जीव लावतात आणि साठीपर्यंत जगल्याची उदाहरणे आहेत. हे तिला कोणी सांगते का? १९५९ साली या विकाराचे गुणसूत्रीय कारण जगासमोर मांडणाऱ्यांपैकी फ्रान्सचे जेरोम लेज्युन यांनी उरलेले आयुष्य याच मुलांच्या उपचारांसाठी वेचले. आपला शोध या मुलांना जन्मापूर्वीच वगळण्यासाठी वापरला जातो, याचे शल्य त्यांना अखेरपर्यंत होते. आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्राला जनकाच्या सभेत स्थान देणारी आपली परंपरा आहे. तिचा वारसा सांगणाऱ्या समाजाने निदान एवढे तरी करावे, की असे मूल वाढवणाऱ्या आईबापांना मंगलकार्यात मान खाली घालावी लागू नये.

म्हणून काही गोष्टी आग्रहाने मागितल्या पाहिजेत. परळचे टाटा रुग्णालय किंवा केईएमच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था यांच्याकडे किती दिवस सारा महाराष्ट्र धावणार? प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात गुणसूत्र तपासणीची सोय आणि अहवालाचा अर्थ मराठीत शांतपणे समजावणारा प्रशिक्षित समुपदेशक हवा. गर्भजल घेण्यापूर्वी स्त्रीला तिला कळणाऱ्या भाषेत धोके सांगून तिची लेखी संमती घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे; ती न वाचता सही करू नका, असे आमचे प्रत्येक घराला सांगणे आहे. आणि कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत दोन वाक्ये पोहोचवावीत : रक्ताचा कर्करोग म्हणजे मरण नव्हे, आणि मुलगी म्हणजे व्यंग नव्हे.

गुणसूत्रे खोटी साक्ष देत नाहीत. ती फक्त जे आहे ते सांगतात. त्या साक्षीवर न्याय करायचा आहे तो आपल्याला. आणि तो न्याय दुबळ्याच्या बाजूने झाला, तरच ही विद्या आपण पचवली, असे म्हणता येईल.