विकतची अवकळा

आपल्याकडे स्थळ बघताना मुलीच्या कातडीची किती ती चिकित्सा! सावळी, गहूवर्णी, निमगोरी... शब्दांचा नुसता सुकाळ. आणि मुलाचे ओठ सिगारेटने काळे पडलेले दिसले तर? "मित्रांत असला की ओढतो कधीतरी, लग्नानंतर सुटेल." म्हणजे व्यसनमुक्ती केंद्र कोण, तर येणारी सून!

उपजत सावळ्या ओठांबद्दल मी बोलत नाहीये हं. वर्ण जन्माने मिळतो, ही अवकळा पैसे मोजून आणलेली असते.

होतं काय, की निकोटिनने त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. त्वचा उपाशी राहते आणि चेहऱ्यावर तो राखेसारखा रंग चढतो. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजनही लवकर झिजतं. शिवाय दर झुरक्याला ओठांचा चंबू करायचा, धूर झोंबू नये म्हणून डोळे बारीक करायचे. दिवसाला १० सिगारेटी आणि एकीचे १० झुरके धरा, वर्षाचे ३६,५०० झाले! एकाच घडीवर इतक्यांदा दुमडलं तर लुगडंसुद्धा विरतं. १९८५ साली डग्लस मॉडेल नावाच्या डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं होतं, की सुरकुत्या, बसलेले गाल आणि करडा वर्ण यांवरून बरेचसे धूम्रपान करणारे नुसत्या चेहऱ्यावरून ओळखू येतात. बिडीवाल्यांनी खूश होऊ नये, धूर तोच.

पुरुषांसाठी गोरेपणाचं क्रीम २००५ मध्ये बाजारात आलं, तेव्हापासून आमचे चिरंजीवही फेशियल वगैरे करू लागले. करा की! पण वरून क्रीम आणि आतून धूर, म्हणजे पेटत्या चुलीमागची भिंत रंगवण्यातला प्रकार.

"काकू, रूपाचं काय घेऊन बसलात, कॅन्सरचं बोला," असं कोणी म्हणेल. अहो, २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर तेच तर छापलेलं असतं. पंचविशीतला मुलगा ते चित्र बघतो आणि पाकीट खिशात टाकतो, कारण तो रोग नेहमी दुसऱ्याला होत असतो. आरशात मात्र तो स्वतःच दिसतो ना?

आणि ते "लग्नानंतर सुटेल"! सिगारेट सोडली की रक्तपुरवठा सुधारतो, थोडा तजेला परततो, हे खरं. पण खोल गेलेल्या सुरकुत्या अक्षता पडल्या म्हणून पुसल्या जात नाहीत.

यंदा आमच्या नातीसाठी स्थळं बघायची आहेत. तिच्या बायोडेटातला 'वर्ण' हा रकाना मी खोडलाय. मुलांकडच्यांना मात्र एक रकाना माझ्या हाताने आखून पाठवणार आहे : 'सिगारेट, तंबाखू : होय / नाही'. हे वाचणाऱ्या नातेवाईकांपैकी ज्यांना राग यायचा असेल, त्यांनी तो आत्ताच येऊ द्यावा, साखरपुड्यापर्यंत निवळेल.