पहिली पायरी सर्वांना, दुसरी कोणाला?

कॅलिफोर्नियातील कुपरटिनो येथे ॲपल कंपनीचे मुख्यालय आहे. त्याच गावात १९६७ पासून डी अँझा हे सार्वजनिक सामुदायिक महाविद्यालय चालू आहे. ॲपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाक, हे एकेकाळी तेथे शिकले. कंपनीच्या संपत्तीचे गोडवे जगभर गायिले जातात. तिच्या शेजारच्या सार्वजनिक वर्गखोलीची आठवण मात्र क्वचितच कोणाला होते. त्या वर्गखोलीत प्रोग्रामिंगचे शिक्षण कसे मिळते आणि कोठपर्यंत मिळते, हा वरवर तांत्रिक वाटणारा प्रश्न वस्तुतः ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न आहे.

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांचा उगम इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये निघालेल्या द्विवर्षीय महाविद्यालयापर्यंत जातो. अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ मध्ये चौदाव्या इयत्तेपर्यंतचे शिक्षण निःशुल्क असावे, अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या बृहत् आराखड्यात उच्च शिक्षणाचे तीन मजले ठरविले : वरच्या एक-अष्टमांश विद्यार्थ्यांना राज्याचे संशोधन विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य महाविद्यालये आणि उरलेल्या सर्वांना सामुदायिक महाविद्यालयांचे उघडे दार. आज त्या राज्यात अशी ११६ महाविद्यालये आहेत. १९८४ पर्यंत तेथे फी नव्हती. २०१२ पासून सत्रपद्धतीच्या महाविद्यालयांत एका श्रेयांकाला ४६ डॉलर पडतात. म्हणजे चार श्रेयांकांचा प्रोग्रामिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम १८४ डॉलरांत होतो. गोदामात राबणारा कामगार, संसार सांभाळून पुन्हा शिकू पाहणारी गृहिणी आणि नुकताच आलेला स्थलांतरित एका बाकावर बसतात. भांडवलशाहीच्या बालेकिल्ल्यात लोकशाहीने मिळविलेली ही जागा आहे. तिची कुचेष्टा करण्याचे कारण नाही.

परंतु दार उघडे असणे आणि जिना शाबूत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्राथमिक अभ्यासक्रमात विद्यार्थी पायथन, जावा किंवा सी प्लस प्लस यांपैकी एखादी भाषा शिकतो. अट कशी घालावी, तीच कृती पुनःपुन्हा कशी करवून घ्यावी, मोठ्या कामाचे लहान भाग कसे पाडावेत, हे त्याला समजते. प्रगत अभ्यासक्रमात विषय भाषेचा राहत नाही, विचाराचा होतो. समजा, दहा लाख नावांची मतदार यादी आहे. यादी विस्कळीत असेल तर एक नाव शोधण्यास दहा लाख वेळाही पाहावे लागेल. तीच अकारविल्हे लावली आणि दरवेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाजूस सारली, तर वीस वेळा पाहून काम भागते. हा फरक यंत्राच्या वेगाचा नाही, माहितीच्या मांडणीचा आहे. पहिला अभ्यासक्रम सांगितलेले काम करणारा माणूस घडवितो. दुसरा, काम कसे व्हावे हे ठरविणारा.

आणि नेमकी ही दुसरी पायरीच डळमळीत आहे. महाविद्यालयांचे सरकारी अनुदान मुख्यतः विद्यार्थीसंख्येशी बांधलेले असते. प्राथमिक वर्ग भरतात. प्रगत वर्गात संख्या घटते आणि ती ठराविक आकड्याखाली गेली की वर्ग रद्द होतो. एक अभ्यासक्रम पुरा केल्याशिवाय दुसरा घेता येत नसल्याने एक रद्द वर्ग म्हणजे एक गमावलेले सत्र, कित्येकदा वर्ष. दिवसा नोकरी करणाऱ्याला संध्याकाळचा वर्गच सोयीचा. तो बंद पडला की त्याचे शिक्षणच थांबते. सामुदायिक महाविद्यालयातील ठराविक पदवी घेणाऱ्यांना राज्य विद्यापीठव्यवस्थेत जागेची हमी २०१० च्या कायद्याने दिली. पण संगणकशास्त्रातील ती पदवी प्रगत अभ्यासक्रमांवाचून पुरी होत नाही. शिक्षकांचीही तीच गत. बहुसंख्य अध्यापक अर्धवेळ आहेत. एका महाविद्यालयीन जिल्ह्यात त्यांना पूर्ण कार्यभाराच्या ६७ टक्क्यांहून अधिक काम देता येत नाही. मग पोटासाठी ते या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात महामार्गावरून धावतात. अडलेल्या विद्यार्थ्याजवळ तासभर बसायला त्यांना सवड कोठून मिळणार?

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्ये याच खोऱ्यातील सॅन होजेच्या द्विवर्षीय महाविद्यालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांना प्रवेश द्यायचा आणि मग बहुतेकांच्या आकांक्षा हळूहळू थंड करायच्या, असे दुहेरी कार्य ही संस्था करते, असा त्यांचा निष्कर्ष होता. विद्यार्थ्याला कोणी हाकलून देत नाही. ‘आपल्यालाच जमले नाही’ असे मानून तो स्वतःच बाहेर पडतो. रद्द झालेला प्रगत वर्ग हे याच प्रक्रियेचे आजचे रूप आहे. व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारण्याची याहून सोयीची युक्ती नाही.

यावर हिशेबी उत्तर ठरलेले आहे : नऊ विद्यार्थ्यांसाठी प्राध्यापकाचा पगार परवडत नाही. हा हिशेबच चुकीच्या एककावर बेतलेला आहे. एकेका पायरीचा नफातोटा मांडून जिना बांधता येत नाही. पहिल्या पायरीचे मोल दुसरी आहे म्हणूनच असते. शेजारच्या महाविद्यालयांना मिळून एक वर्ग चालविता येईल. मात्र तो चालणारच, ही हमी हवी. पैसा नाही म्हणावे, तर १९७८ च्या ‘प्रस्ताव १३’ने त्या राज्यातील मालमत्ता कराला लगाम घातला आणि त्याचा लाभ घरमालकांबरोबर बड्या कंपन्यांच्या जमिनींनाही मिळाला. मोठ्या व्यापारी मालमत्तांवर बाजारभावाने कर बसवून तो पैसा स्थानिक संस्था, शाळा व सामुदायिक महाविद्यालयांना द्यावा, असा ‘प्रस्ताव १५’ २०२० मध्ये मतदानास आला आणि थोडक्यात पडला. शिकलेले मनुष्यबळ उद्योगांना हवे. त्याच्या शिक्षणाचा भार मात्र इतरांनी उचलावा!

२०२२ च्या अखेरीपासून नवाच युक्तिवाद ऐकू येतो. साध्या आज्ञावल्या आता यंत्रेच लिहितात, मग प्रोग्रामिंग शिकवायचेच कशाला? वस्तुतः यातून उलटा निष्कर्ष निघतो. प्राथमिक काम यंत्र करू लागले, तर यंत्राने केलेले बरोबर की चूक हे पारखणारा माणूस अधिकच लागेल, आणि ती पारख प्रगत अभ्यासक्रमातूनच येते. तो श्रमिकांच्या मुलांना बंद झाला, तर यंत्राला जाब विचारण्याचा अधिकार महागड्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मूठभरांची मिरास होईल.

हा प्रश्न आपल्यालाही दूरचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये भारतातही सामुदायिक महाविद्यालयांची योजना आखली. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटीने लाखो तरुणांना संगणक हाताळायला शिकविले. ते काम मोलाचे आहे; पण संगणक हाताळणे ही तर पहिल्या पायरीच्याही आधीची पायरी. प्रमाणपत्र हाती पडले की शिक्षण संपले, असे आपण मानणार काय?

म्हणून नव्या अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाचे निमंत्रण येईल तेव्हा कार्यकर्त्यांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात. परंतु त्याच सभेत उभे राहून विचारावे : याच्या पुढचा वर्ग कोठे आहे, तो संध्याकाळी भरेल काय, त्याची फी किती आणि तो बंद पडणार नाही याची हमी कोणाची? या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत उघड्या दाराचे कौतुक अपुरेच राहील.